कान्हेरीच्या वाटेवरचे सोबती

नमस्कार, श्रोतेहो.

पाठीवर सॅक अडकवून एकटीने भटकायला निघालेल्या बाईला घरातून हमखास विचारले जाते, "सोबत कोण आहे?" "तिथे भेटेल कोणीतरी," असे मी सांगते आणि घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु वाट कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची असेल, तर हे उत्तर उडवाउडवीचे नसते. ही लेणी उभी राहिली तीच मुळी दूरदूरच्या अनोळखी माणसांच्या येण्याजाण्यावर आणि त्यांनी दिलेल्या दानावर. तिथे जोडल्या जाणाऱ्या सोबतीविषयी आज मला बोलायचे आहे.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार पायी गाठता येते. तेथून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. बस मिळते, भाड्याने सायकलही मिळते. पण ज्याला सोबती हवे असतील त्याने चालावे. बसमध्ये जो तो खिडकीबाहेर हरणे शोधत असतो. पायी जाणाऱ्याला चढावर दम लागतो, तो थांबतो, मागून येणारा विचारपूस करतो आणि मग पुढची वाट दोघांची होते. या खेपेला मला अशाच रीतीने तिघे जण भेटले : डोंबिवलीचे एक निवृत्त मोटरमन काका, पाली भाषेचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आणि कोलकात्याहून निघून महिनाभर देश पाहत फिरणारा एक तरुण. तो अंधेरीला उतरला होता आणि मुंबईत समुद्राखेरीज काय पाहावे, या प्रश्नाने त्याला इथवर आणले होते.

लेणी शंभराहून अधिक आहेत. काळ्या बेसाल्टच्या डोंगरात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती होती. सोपारा, कल्याण, चेऊल ही बंदरे हाकेच्या नव्हे, पण चालण्याच्या अंतरावर होती. त्यामुळे व्यापाऱ्यांचा पैसा डोंगरावर येत राहिला. बहुतेक जण प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, शिरतात. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकात, व्यापारी बंधूंनी ते खोदविले. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांची शिल्पे आहेत. अंगावर दागिने, चेहऱ्यावर संकोच नाही. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. आत खांबांकडे नीट पाहिले, तर काहींच्या माथ्यावर हत्तींसह बारीक कोरीव काम आहे आणि बाकीचे नुसतेच अष्टकोनी ठेवलेले आहेत. काम कुठे थांबले हे इतके स्पष्ट दिसते, की पैसा संपला की कारागीर गेले, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. माझे मत पैशाच्या बाजूने पडले.

मोटरमन काकांचे लक्ष मात्र शिल्पांकडे नव्हतेच. त्यांना पाण्याने वेड लावले. दर पावसाळ्यात रुळांवर साचणाऱ्या पाण्याशी ज्यांनी नोकरीभर झुंज दिली, त्यांना या डोंगरावरची पाण्याची व्यवस्था पाहून राहवेना. जवळजवळ प्रत्येक विहारापाशी, म्हणजे भिक्षूंच्या निवासापाशी, खडकात खोदलेले टाके आहे. त्याचे तोंड चौकोनी आणि लहान, आत मात्र ते ऐसपैस पसरलेले. उतारावरून वाहून येणारे पाणी त्यात पडावे म्हणून कातळात बोटभर खोल पन्हळी कोरलेल्या आहेत. काका एका पन्हळीवरून तळवा फिरवीत टाक्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "ताई, उतार बघा, कुठे चूक नाही." वर्षावासात भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, आणि पाऊस सरल्यावरही वस्ती टिकायची असेल, तर हे पाणी साठविण्याला पर्याय नव्हता.

अकराव्या क्रमांकाचे लेणे प्रशस्त आहे. त्याला दरबार म्हणतात, पण दरबार तेथे कधी भरला नसावा. मधोमध, सभागृहाच्या लांबीइतके दोन बुटके दगडी ओटे आहेत आणि त्यांच्या बाजूंना पंगतीसारखी समोरासमोर बसण्याची सोय आहे. आम्हीही तेथे बसलो, अर्थात डबे न उघडता. आत खाणे योग्य नव्हे, आणि बाहेर माकडे टपून असतात. डबे नंतर सावलीत उघडले. पायथ्याशी पाड्यांतल्या बायका काकडी विकतात, तीही घेतली होती.

तेथेच विद्यार्थिनीने आपल्या वहीतून एका शिलालेखाची माहिती वाचून दाखविली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा सखोल अभ्यास केला आणि त्यामुळे येथे दान देणारी सारी माणसे आज आपल्याशी बोलतात. नवव्या शतकातल्या एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाची नोंद आहे. त्याने भिक्षूंसाठी ध्यानाच्या खोल्या करविल्या आणि शंभर द्रम्मांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. हे ऐकताच आमचा कोलकात्याचा सोबती उठून उभाच राहिला. हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाकडचा माणूस इथवर आला आणि ठेव ठेवून गेला, आपण तर तिकिटाचे पैसे देतानाही कुरकुर केली, असे तो हिंदीत म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला.

नव्वदाव्या लेण्यापर्यंत फार थोडे लोक पोहोचतात, आणि ते चुकते. तेथे अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसे कोरली आहेत : कोणाचे जहाज बुडते आहे, कोणापुढे हत्ती उभा ठाकला आहे, कोणावर सिंह, कोणावर साप. प्रवासाला निघालेल्याच्या मनात घरून येणारी सारी भीती एका भिंतीवर मांडलेली आहे. त्याच लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये पारशी मंडळी हे स्थान पाहायला आली आणि आपली व आपल्या वडिलांची नावे, तारखेसह, भिंतीवर लिहून गेली. ती एकट्याने आली नव्हती, तांड्याने आली होती, हे नावांवरूनच कळते. आजच्या हौशी लोकांनी मात्र या उदाहरणाचा आधार घेऊ नये. बाणाचे हृदय कोरणारा पुढच्या हजार वर्षांत कोणाला काही सांगेल असे वाटत नाही, आणि पुरातत्त्व खात्याचा कायदा आता तेथे लागू आहे.

निघण्याआधी दोन-तीन गोष्टी सांगते. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. खडकात कोरलेल्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, तेव्हा तळव्याची पकड चांगली असलेले बूट घालावेत, आणि वरच्या लेण्यांसाठी पाणी खालूनच भरून न्यावे.

उतरताना विद्यार्थिनीने सांगितले की कान्हेरीचे चैत्यगृह कार्ल्याच्या धर्तीवर खोदलेले आहे, तेव्हा दोन्ही पाहिल्याशिवाय तुलना व्हायची नाही. काकांनी लगेच कागद मागितला. दादरहून लोणावळा, तेथून पुण्याची लोकल, मळवलीला उतरायचे, अशी नोंद त्यांनी कोलकात्याच्या मुलाला करून दिली. वर, रविवारी गर्दी असते म्हणून सकाळची गाडी धरायची, असे बजावले. त्याने कागद पाकिटात ठेवला आणि रविवारी कोण कोण येणार, हे विचारले. विद्यार्थिनीने होकार दिला. काकांनी घरी विचारून सांगतो म्हटले.