गोव्यासाठी एसी घेताय? आधी बाहेरच्या युनिटची जागा बघा

(दृश्य: म्हापसा बाजार, मे महिन्यातली दुपार)

एप्रिल संपत आला की पणजी काय, म्हापसा काय, फोंडा काय, सगळीकडे तीच गत. मोबाइलवर बघाल तर 33, फार तर 34 डिग्री. नागपूरवाल्याला सांगितलं तर म्हणेल, यात काय एवढं. पण तोच माणूस इथे दुपारी बसमधून उतरला की दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटतो, आणि रात्री एक वाजता फुल स्पीडच्या पंख्याखालीही घाम सुकत नाही. मग घरात विषय निघतो, यंदा एसी घेऊयाच. दुकानात गेलं की खोक्यावर मोठ्या अक्षरात दिसतं, 52 डिग्रीतही चालतो.

हा 52 चा आकडा कशाचा ते आधी बघू, कारण त्याच्यावर बरेच जण जास्तीचे पैसे मोजतात. एसीची क्षमता मोजताना बाहेरचं तापमान 35 डिग्री धरतात, याला टी1 म्हणतात. आखातासारख्या कडक हवेसाठी टी3, त्यात बाहेर 46 डिग्री धरतात. गल्फमध्ये नोकरी करून आलेली माणसं गोव्यात घरोघरी आहेत, त्यांना विचारा, तिकडे टी3 कॉम्प्रेसर नसेल तर एसी दुपारी दम टाकतो. खोक्यावरच्या 52 चा अर्थ एवढाच की तेवढ्या उन्हापर्यंत मशीन चालू राहील, पण तेव्हाही खोली तितकीच गार होईल असं कोणी लिहून देत नाही. राजस्थानात फलोदीला 19 मे 2016 ला 51 डिग्री नोंदलं होतं, तिथे हा आकडा महत्त्वाचाच. आपल्या अंगणात तेवढं कधी होत नाही, आपल्याला छळतो तो दमटपणा.

(दृश्य: भिंतीवरून उतरणारा ड्रेन पाइप, खाली बादली, थेंब जवळून)

ही बादली नीट बघा. 33 डिग्री आणि 70 टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण 25 ग्रॅम पाणी असतं. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या, तिच्या हवेत पाऊण लिटरच्या वर पाणी वाफेच्या रूपात भरलेलं असतं, आणि आपल्याला बरं वाटायचं तर त्यातलं निम्मं काढावं लागतं. बरं, एकदा काढून भागत नाही, दाराखालून, खिडकीच्या फटीतून नवीन दमट हवा येतच राहते आणि आपला श्वास, घाम आहेच. एक लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे जवळजवळ 0.68 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता उचलायची, हे उष्णतेचं माप आहे, विजेच्या बिलाचं नाही. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने तासाला सव्वापाच युनिट उष्णता उचलतो. म्हणजे तासाला दोन लिटर पाणी बादलीत पडत असेल तर मशीनची पाव ताकद नुसती हवा सुकवण्यातच गेली. आकड्यात तापमान उतरलेलं दिसत नाही, पण अंगाला जे बरं वाटतं ते याच कामामुळे.

म्हणून टनाची गोष्ट आपल्याकडे उलटी होते. मोठा घेऊया, लवकर गार होईल, असं सगळेच म्हणतात, दुकानदार पण नको म्हणत नाही. पण छोट्या खोलीत दोन टनाचा एसी लावला की पाच-सात मिनिटांत 24 डिग्री येतात आणि कॉम्प्रेसर थांबतो, तेवढ्यात कॉइलवर पाणी जमून पाइपमधून वाहायला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर, चादर दमट, कपाटाला बुरशीचा वास. एसी बराच वेळ, हळू, सलग चालला पाहिजे, तरच हवा सुकते. इन्व्हर्टर एसी तेच करतो, वेग कमी करून चालत राहतो, म्हणून मला विचाराल तर गोव्यात इन्व्हर्टरच घ्यावा, पण तोही खोलीच्या मापाचा. एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन, त्याच्या वर एकशेऐंशीपर्यंत दीड, हा साधा हिशोब. डोक्यावर थेट तापलेला स्लॅब असेल किंवा पश्चिमेची मोठी काच असेल तर एक पायरी वर. आणि कौलारू घर असेल, साखळी-डिचोलीकडची जुनी चिऱ्याची घरं असतात तसं, तर आधी त्या खोलीला फळ्यांचं नाहीतर जिप्समचं सीलिंग करा, नाहीतर कौलांच्या फटीतून बाहेरची गरम दमट हवा आत येत राहील आणि बिल मात्र वाढेल.

(दृश्य: बिल्डिंगच्या मागची अरुंद डक्ट, एकावर एक आऊटडोअर युनिटं)

आता त्या 52 डिग्रीकडे परत येतो, कारण तशी गरम हवा गोव्यातही बाहेरच्या युनिटभोवती तयार होते, आपणच करतो. ही डक्ट बघा, चार मजल्यांची युनिटं एकावर एक, खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा परत ओढतो. किंवा स्लॅबवर पावसासाठी पत्रे घातलेत आणि त्याखाली कोपऱ्यात युनिट, दुपारी पत्रा तापलेला, हवा खेळायला जागा नाही. किंवा युटिलिटी बाल्कनीत ग्रिलच्या आत बसवलंय आणि समोर वॉशिंग मशीन. बाहेर पणजीत 34 असेल पण त्या युनिटला मिळणारी हवा कितीतरी जास्त गरम असते, क्षमता घटते, वीज जास्त जाते, शेवटी कॉम्प्रेसर ट्रिप होतो आणि आपण म्हणतो एसीच खराब. मागे किमान वीतभर, समोर दोन-तीन फूट तरी मोकळं पाहिजे, नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं, ते मेकॅनिकच्या हातात द्या. जागा बदलणं शक्यच नसेल तर मग जास्त तापमानाचं मॉडेल जरूर घ्या, तिथे ते पैसे वसूल होतात.

एसीच्या आत फिरणाऱ्या गॅसचाही यात वाटा आहे, पण थोडक्यात सांगतो. बाहेरच्या युनिटमध्ये हा गॅस द्रव होतो आणि खोलीतली उष्णता बाहेर सोडतो. जुना आर410ए साधारण 71 डिग्रीच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आर32 ची ती मर्यादा 78 आणि आर290 ची जवळपास 97, त्यामुळे कोंदट जागेत आर410ए आधी दमतो. आज बहुतेक दुकानांत आर32 च मिळतो आणि तो चालेल.

(दृश्य: मोरजीचा किनारा, मग गेस्ट हाऊसच्या भिंतीवर गंजलेलं युनिट)

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी इथे जरा थांबा. मोरजी, मांद्रे, कळंगुट, कोलवा, समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो आणि ते मीठ कॉइलच्या पत्त्यांवर बसतं. पाइप तांब्याचा, पत्त्या ॲल्युमिनियमच्या, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम झिजायला सुरुवात. बोट लावलं तर पांढरी भुकटी पडते, पुढे पत्त्यांचा चुरा होतो. त्यामुळे तांब्याचा कॉइल आहे एवढं ऐकून खूश होऊ नका, त्यावर कोटिंग आहे का, केसिंगला गंजरोधक रंग आहे का आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर वॉरंटी लागू आहे हे लिहून घ्या. युनिट समुद्राच्या उलट्या बाजूच्या भिंतीवर लावा. आणि मेन स्विच बंद करून साध्या गोड्या पाण्याने, हलक्या धारेने कॉइल धुवा, किनाऱ्याजवळ महिन्यातून एकदा तरी. प्रेशर पंप नको, पत्त्या वाकतात.

स्टारचं काय, हे सगळे विचारतात. स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, म्हणून स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर आकडा वाचा, म्हणजे तेवढ्याच विजेत किती गारवा मिळतो ते, जास्त तेवढा चांगला, आणि लेबल कुठल्या काळातलं आहे तेही. लेबलवरचा वर्षाचा खप 1600 तासांवर काढलेला असतो. तुम्ही मार्च ते मे रात्रीच लावणार असाल तर तुमचे तास त्याच्या निम्मेच होतील, मग थ्री स्टार पुरतो. होमस्टे चालवताय, पाहुणे दिवसरात्र लावून ठेवतात, तर फाइव्ह स्टारच घ्या.

उन्हाळ्यात व्होल्टेज खाली-वर होतं, खोक्यावर व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते ती आपल्या घरच्या व्होल्टेजशी ताडून बघा, पुरत नसेल तर स्टॅबिलायझर. अर्थिंग नक्की तपासा. आणि पाली, मुंग्या. हसू नका, आऊटडोअरच्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवर, पाल शिरून शॉर्ट होणं हे इकडचं नेहमीचं दुखणं आहे, बोर्ड बंद धातूच्या पेटीत असलेलं मॉडेल मागा.

राहिलं बसवणं, आणि इथे घाई करू देऊ नका. सीझनमध्ये मेकॅनिक दिवसाला कितीतरी घरं उरकत असतो. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढलीच पाहिजे, इतक्या दमट हवेत तर जास्तच, कारण आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल बनते आणि कॉम्प्रेसर खाते. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पंप आणलाय का हे त्याला फोनवरच विचारा, आणि नुसता गॅस सोडून हवा काढतो म्हणाला तर काम तिथेच थांबवा आणि पंप घेऊन परत यायला सांगा.