एका मिनिटाआधीचे आठ दिवस

[दृश्य : पहाट. गल्लीत सडा पडतोय. लांबून पिठाच्या गिरणीचा आवाज.]

धाराशिव जिल्हा. बालाघाटच्या उतारावरचं एक गाव. सोयाबीनची काढणी उरकत आलीय आणि ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या आहेत. या मधल्या पंधरा-वीस दिवसांतच गावातली बाई गावात सापडते.

वह्या घेऊन निघालेल्या या दोघी बचत गटातल्या. एकीचं शिक्षण दहावी, दुसरीचं सातवी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेच्या या स्वयंसेविका. पगार नाही. सातच्या आत घरच्या भाकरी थापून निघायचं आणि नऊपर्यंत परत यायचं, कारण त्यानंतर दोघींनाही स्वतःच्या कामावर जायचं असतं.

आठ दिवसांनी गावच्या शाळेत तपासणी आहे. त्यासाठी दिवस निवडलाय बाजाराचा. बाजाराच्या दिवशी इथं रोजंदारीला सुट्टी असते. तपासणीसाठी कुणाची मजुरी बुडणार नाही, हे या दोघींनीच सुचवलं.

[दृश्य : उंबरा. सासू शेंगा फोडत बसलेली. सून आतल्या दारात उभी.]

पाहा, त्या सुनेशी बोलत नाहीत. आधी सासूजवळ बसतात. तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला घेतात. गुडघ्यांची चौकशी होते, लेकीच्या बाळंतपणाची होते. तपासणीचं नावही निघत नाही. दहा-बारा मिनिटांनी सासूच विचारते, “वही कशाची गं?” मग वही उघडते.

नाव, वय, लेकरं किती, पाळी कधी आली होती, अंगावरून पांढरं जातं का, मधेच लाल दिसतं का. आणि शेवटचा रकाना, तो जरा जवळून पाहू या. ‘मोबाईल कोणाचा’. खाली लिहिलंय : नवऱ्याचा. मुलाचा. शेजारच्या आत्याचा. स्वतःचा, असं या पानावर एकदाच आलंय.

हा रकाना छापील फॉर्मात नव्हता. पट्टीनं रेघ मारून तो या दोघींनी वाढवला. तपासणीचा निरोप कुणाच्या कानावर आधी पडणार, यावर ती बाई दवाखान्यात पोचणार की नाही हे ठरतं. ज्या घरी फोन लावणं बरं नव्हे, त्या घरापुढे लाल टिंब. तिथं निरोप द्यायला स्वतः जायचं.

[दृश्य : पाणवठा. घागरी, हसणं, मग अचानक शांतता.]

नकार कसा येतो, तेही ऐकायला मिळतं. “मला काय धाड भरलीय?” हा साधा नकार. याला उत्तर आहे : हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच धडधाकट असताना यायचं.

दुसरा नकार अवघड. “बोलावत्यात आन् पिशवी काढायला लावत्यात.” पिशवी म्हणजे गर्भाशय. या भागात ही भीती उगाच पसरलेली नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस तिथं परवडत नाहीत. पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेली बाई ‘कॅन्सर होईल’ या एका वाक्यानं घाबरली आणि विशी-तिशीत पिशवी काढून बसली, असंही घडलं.

त्यामुळे ‘कॅन्सर’ हा शब्द या दोघी दारात काढत नाहीत. त्या सांगतात, पिशवी वाचवायची तपासणी आहे. वेळेत सापडलं तर जिथल्या तिथं बरं करता येतं, बहुतेक वेळा काही कापावं लागत नाही. हे वाक्य त्यांना कुणी शिकवलेलं नाही. दारोदार नकार ऐकून ते त्यांच्या तोंडी बसलंय.

[दृश्य : जुने फोटो. बार्शी. बैलगाड्या, एसटी स्टँड, दवाखान्याची पायरी.]

गावात जाऊन, बसून, बोलून कॅन्सर शोधायचा, ही रीत या मातीत नवी नाही. १९८७ साली बार्शीत ग्रामीण भागासाठी देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम, तीन तालुक्यांतली गावं. शहरात नोंदणी करणं सोपं, दवाखान्यातले कागद गोळा केले की झालं. इथं माणूस दवाखान्यापर्यंत जातच नव्हता. मग कार्यकर्ते गावोगाव फिरले, चावडीवर बसले, लक्षणं समजावून सांगत राहिले, संशय आला त्याला बार्शीला घेऊन आले. काही वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. या बोलण्यामुळेच बायका आजार फार वाढण्याआधी, लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या.

त्याच पायावर १९९९ साली मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघं एकत्र. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, काहींत गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावून पाहायची, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष जगापुढे आले. एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदा झाली त्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण आज जग एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देतं, त्यामागे या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे. गावात हे कुणालाच माहीत नाही. ज्या आज्ज्यांनी तेव्हा तपासून घेतलं, त्यांनाही नाही.

व्हिनेगरच्या तपासणीनं इथं एका फेरीत तेवढा फरक दाखवला नाही. तो दाखवला मुंबईच्या वस्त्यांनी. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं १९९८ पासून तिथं दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी झालेल्या मुलींना शिकवून तयार केलं होतं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदा दार वाजवून भागत नाही, त्याच दारात परत जावं लागतं. या दोघींच्या वहीवर ‘फेरी दुसरी’ लिहिलंय ते म्हणून.

[दृश्य : बाजाराचा दिवस. जिल्हा परिषद शाळेचा वर्ग.]

आदल्या संध्याकाळी वर्ग धुऊन घेतला. खिडक्यांना घरून आणलेली लुगडी बांधली, दोन पदरी, म्हणजे उजेडात सावलीसुद्धा दिसू नये. बाकं जोडून त्यावर गादी, गादीवर स्वच्छ चादर. फळ्यावर कालचे पाढे तसेच आहेत.

ही बाटली पाहा. पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगर याच जातीचं. शेजारी कापसाचे बोळे, एक प्रखर दिवा आणि बदकाच्या चोचीसारखं ते उपकरण. ते पाहूनच अर्ध्या बायका परत फिरतात. म्हणून स्वयंसेविकेनं ते रांगेतच सगळ्यांच्या हातात दिलंय. एक जण ते उघडून-मिटून पाहते, पुढच्या बाईकडे देते. एकीनं ते पदरानं पुसलं. आता ते बाजूला ठेवलं जाईल. आत वापरायची उपकरणं वेगळी, निर्जंतुक केलेली.

पडद्याच्या आत कॅमेरा गेला नाही. आत काय होतं, ते ऐका. नर्स गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरचा बोळा लावते आणि घड्याळ पाहते. एक मिनिट. निरोगी पेशी गुलाबीच राहतात. बिघडू लागलेल्या पेशींत केंद्रक मोठं, प्रथिनं जास्त. व्हिनेगरनं ती गोठतात आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा नसतोच. काही वेळा ती बिघाडाची सुरुवात असते, आणि त्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ हा आजार बाईला देतो. तापवलेल्या छोट्या सळईनं तो भाग जाळून टाकायला मिनिटभरही लागत नाही.

पाळी गेलेल्या बायकांना ही तपासणी नीट लागू पडत नाही, बघायची जागा आत सरकलेली असते. त्यांना वेगळी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतात.

आणि हा हात. पडद्याखालून बाहेर आलेला, हिरव्या बांगड्यांचा. तो धरून बसलीय सातवी शिकलेली ती स्वयंसेविका. तिला आतलं काही दिसत नाही. ती फक्त बोलतेय, बाजारात मेथी काय भावानं आहे ते.

[दृश्य : दुपार. रिकामा वर्ग. लुगडी सोडली जातात.]

देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली हा आकडा १.९ होता. दरवर्षी ७५ हजारांहून जास्त बायका या कॅन्सरनं जातात. मुलींसाठी लस आहे, पुण्यात बनते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ठरवलंय की शंभरातल्या सत्तर बायका पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा तपासल्या गेल्या पाहिजेत.

आज ज्यांना डाग दिसला त्यांची नावं वेगळ्या पानावर आहेत. त्यांना बार्शीला न्यायचंय.

[दृश्य : दुसऱ्या आठवड्यातली पहाट. ट्रॅक्टरवर संसार चढतोय. पत्रे, हंडे, शेळी, लेकरं.]

टोळी निघाली. या पानावरच्या एका बाईचा नवरा दोन दिवस थांबायला तयार नाही, मुकादम त्याच्यावर चिडलाय. स्वयंसेविका मुकादमापुढे उभी आहे. आवाज चढलेला नाही. उसाचा कारखाना कुठला, फड कुठल्या गावाला, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, एकेक गोष्ट ती विचारते आणि वहीत लिहून घेते. मुकादमाचा नंबरही घेते. ‘मोबाईल कोणाचा’ या रकान्यात आता आणखी एक नाव.

तपासणीचं कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणलंय. ट्रॉलीवर बसलेल्या बाईच्या हातात ती ते देते. बाई ते पदराच्या टोकात बांधते. दोन गाठी.

ट्रॅक्टर वळणाआड जातो. वही उघडी आहे. लाल टिंब असलेली तीन घरं अजून राहिली आहेत, आणि नऊ वाजायला वीस मिनिटं आहेत.