कोचिंग बदला

[दृश्य : रात्र. सोसायटीचं पार्किंग. शहाबादी फरशीवर पसरलेलं पांढरं कापड, वर एकच ट्यूबलाइट.]

घोरपडीतल्या एका सोसायटीचं पार्किंग. दुचाक्या भिंतीला लावून जागा केली आहे. खाली अंथरलंय ते रविवार पेठेतून आणलेलं मांजरपाट.

फ्लेक्स दोन तासांत छापून मिळाला असता. पुण्यात फ्लेक्सला कधी अडचण येत नाही. पण बॅनरची अक्षरं हातानंच काढायची, हे या फुटबॉलवेड्या मंडळींनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ब्रश ज्यांच्या हातात आहे ते काका एके काळी कॅम्पातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम संपलं. हात मात्र तसाच राहिलाय. खडूनं मारलेली ही शिरोरेघ बघा. पट्टी न लावता मारली आहे.

[दृश्य : अक्षरांचा क्लोज-अप. "कोच बदला".]

पहिल्या रात्री कापडावर एवढे दोनच शब्द होते.

[दृश्य : मैदान, दुपार. मागून जाणारी रेल्वे.]

हे त्यांच्या फुटबॉल क्लबचं मैदान. रूळ जवळच आहेत. सोलापूरकडे जाणारी आणि मिरजेकडे जाणारी, दोन्ही गाड्यांच्या वाटा घोरपडीतच वेगळ्या होतात. गाडी आली की पंचांची शिट्टी ऐकू येत नाही. मग खेळाडू पंचांच्या हाताकडे बघून थांबतात. बाहेरून आलेला संघ थांबत नाही, आणि इथले प्रेक्षक हसतात.

प्रेक्षक म्हणजे कठड्यावर मावतील तेवढे. मुलांचे आईवडील, जुने खेळाडू, कॉलेजची पोरं. पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळणारा हा क्लब. त्याचं नाव या फिल्ममध्ये कुठेही घेतलेलं नाही. क्लबमधल्यांनी तशी विनंती केली होती आणि आम्ही ती मानली. 'आम्ही' म्हणतोय, कारण कॅमेरा घेण्याआधी मीही याच कठड्यावर बसत होतो.

[दृश्य : गोलच्या मागे उभी असलेली ताई, हातात मोबाइल.]

या ताईला भेटा. पेशानं नर्स. ड्यूटी बदलून घेते, पण सामना चुकवत नाही. तिची जागा ठरलेली, गोलच्या मागे. पूर्ण सामना उभ्यानं शूट करते. सुरुवातीला ते फक्त मुलांच्या घरच्यांना पाठवण्यासाठी होतं. मग एका रात्री तिनं तीन सामने सलग लावून पाहिले.

[दृश्य : मोबाइलचं फुटेज, तीन तुकडे सलग.]

पहिला सामना. कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला फटका, डावीकडून. चेंडू जवळच्या खांबाशी येतो. गोलकीपर गोलरेषेवर उभा. गोल.

दुसरा सामना. कॉर्नर पुन्हा डावीकडून. कीपर एक पाऊल पुढे टाकतो, परत मागे जातो. गोल.

तिसरा. आता तुम्हीच बघा. चेंडूकडे बघू नका, कीपरच्या पायांकडे बघा.

[फुटेज थांबतं. कीपरच्या पायांवर झूम.]

टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत. गुडघे ताठ. या स्थितीतून कुणालाही झेप घेता येत नाही. सतरा वर्षांचा हा मुलगा घाबरट नाही. रेषा सोडून बाहेर कधी यायचं, 'कीपर!' अशी हाळी देऊन आपल्याच बचावपटूंना बाजूला कधी करायचं, चेंडू झेलायचा की मुठीनं उडवायचा, हे त्याला आजवर कुणी शिकवलेलंच नाही.

त्याचा सराव कसा होतो, तेही ताईच्या फोनमध्ये आहे. बाकीचे पासिंग करतात, प्लास्टिकच्या कोनांमधून पळतात, दोन बाजू करून खेळतात. कीपर खांबाला टेकून वाट बघतो. शेवटची पंधरा मिनिटं सगळे त्याच्यावर गोल मारतात. तो शूटिंगचा सराव असतो, मारणाऱ्यांचा.

[बाइट : कीपरची आई. वीस सेकंद. निवेदन नाही.]

संघ सांभाळणारे सर एकटे होते. दिवसा शाळेत खेळाचा तास घ्यायचे, संध्याकाळी मैदानावर. मोठा संघ त्यांचा, तेरा वर्षांखालची मुलं त्यांची, प्रथमोपचाराची पेटी त्यांची. कुणाचा घोटा मुरगळला तर रिक्षा बघणारेही तेच. सलग हरल्यावर कठड्यावरून आवाज येऊ लागला तो मात्र त्यांच्याच नावानं. कोच बदला. मीही ओरडलोय.

दुसऱ्या रात्री या पार्किंगमध्ये त्यावरून जुंपली.

[दृश्य : कपाटातून निघणारा नारिंगी स्कार्फ. मग बालेवाडी, रिकाम्या खुर्च्या.]

वाद सुरू झाला तो या स्कार्फवरून. रंग ओळखीचा वाटेल. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याचा संघ उतरला, एफसी पुणे सिटी. म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल हे घरचं मैदान. यातले निम्मे लोक तिथे जायचे. घोरपडीहून बालेवाडी म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये.

पहिल्या वर्षी प्रशिक्षक होते इटलीचे फ्रांको कोलोंबा. दुसऱ्या वर्षी डेव्हिड प्लॅट. 1990 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी हवेतला चेंडू थेट जाळ्यात मारणारा इंग्लंडचा तोच प्लॅट. तिसऱ्या वर्षी अंतोनियो लोपेझ हबास. कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून देऊन ते इथे आले होते. चौथ्या वर्षी सर्बियाचे रांको पोपोविच. दरवर्षी नवा माणूस, नवी पद्धत. विमानतळावरचा पुष्पगुच्छ तेवढा तोच.

पोपोविच यांच्या हंगामात संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. मार्च 2018. बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध 0-0. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि 3-1 नं सगळं आटोपलं. त्या रात्री पुण्याच्या गोलमध्ये होता विशाल कैथ. पुढे भारतातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांमध्ये त्याची गणना झाली.

अशा वेळी काय करायचं असतं? आहे ते धरून ठेवायचं. पुढच्या हंगामात पुन्हा नवे प्रशिक्षक आले, स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल. तीन सामन्यांत त्यांना निरोप. मग प्रद्युम्न रेड्डी हंगामी. डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राउन. एकाच हंगामात तीन माणसं.

[दृश्य : भिंतीवर प्रोजेक्टर, जुने फोटो, बघणारे चेहरे.]

याच शहरानं त्याआधी वेगळंही पाहिलं होतं. पुणे एफसी. 2007 मध्ये स्थापना, 2009 पासून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये. डेरिक परेरा चार हंगाम प्रशिक्षक म्हणून एकाच बाकावर बसले. पहिल्याच हंगामात संघ तिसरा आला, आणि 2012-13 मध्ये देशात दुसरा. मामुर्डीला क्लबची अकादमी होती. तिथली पोरं देशभरात खेळायला गेली.

2015 मध्ये पुणे एफसी बंद झाला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेला, त्याची जागा हैदराबादनं घेतली.

पार्किंगमधल्या वादात हैदराबादचाच दाखला निर्णायक ठरला. तो काकांनी दिला. तिथेही सुरुवात वाईटच झाली. फिल ब्राउन तिथे गेले आणि हंगाम संपायच्या आत बाहेर पडले. मग मानोलो मार्केझ आले आणि तीन हंगाम राहिले. थांगबोई सिंग्तो हे भारतीय प्रशिक्षक त्यांच्यासोबत होते, तरुण खेळाडूंवर त्यांचं लक्ष असे. मार्च 2022, मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळाविरुद्ध इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. 1-1. पेनल्टी शूटआउट. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि चषक हैदराबादला गेला.

कीपरनं जिंकून दिला, हे वाक्य ताईनं तीनदा म्हटलं.

[दृश्य : तेच कापड. काका गुडघ्यावर.]

आणि मग हे घडलं. आमच्याकडे ते सलग, न कापता आहे.

'कोच बदला' हे शब्द आधीच रंगवून वाळले होते. नवं कापड आणायला दुकानं उघडी नव्हती. माणूस नाही, शिकवणं बदला, म्हणून 'कोच'चं 'कोचिंग' करायचं ठरलं. म्हणायला सोपं, पण आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. ती बसवायची 'को'चा काना आणि 'च' यांच्यामधल्या बोटभर फटीत. वर अनुस्वार. आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत 'ग'.

काकांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरला.

[चाळीस सेकंद. निवेदन नाही. फक्त ब्रशचा आवाज आणि लांबून गाडीची शिट्टी.]

अक्षर दाटीवाटीनं बसलंय. लांबून वाचणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं.

[दृश्य : हस्ताक्षरातलं पत्र, खाली सह्या.]

बॅनरसोबत पत्र गेलं. सर बदला असं त्यात कुठेही नाही. गोलकीपरसाठी वेगळा प्रशिक्षक, आठवड्यातून दोन दिवस. लहान मुलांसाठी किमान डी लायसन्स असलेली व्यक्ती. सामन्याच्या दिवशी फिजिओ. पैसे कुठून आणायचे, तेही लिहिलं आहे: दर महिन्याला कठड्यावरचे लोक वर्गणी काढतील.

हे मागणं जगावेगळं नाही. भारतात प्रशिक्षकाचं शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी होतं. डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांसाठी तर अभ्यासक्रमच वेगळा आहे, कारण ते कामच वेगळं आहे. दहा जण पायानं खेळतात, एक जण हातानं. दहा जणांची चूक मागचा कुणीतरी सावरतो, याच्या मागे फक्त जाळी असते. मोठ्या क्लबमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. जिल्ह्याच्या लीगमध्ये मात्र एकाच माणसाच्या गळ्यात शिट्टी अडकवायची आणि निकाल लागला नाही की तीच काढून घ्यायची, अशी सवय आपल्याला लागली आहे.

क्लबच्या बैठकीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. पत्र मान्य झालं. त्याच आठवड्यात सरांनी क्लब सोडला. आम्ही त्यांच्या घरी दोनदा गेलो, ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत.

[दृश्य : सकाळ, मैदानावर धुकं. दोन माणसं, एक गोल.]

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सहा. शिकवणारा तरुण स्वतः कीपर होता, गुडघ्याच्या दुखापतीनं खेळ सुटला.

पहिला आठवडा चेंडूच नव्हता, फक्त पाय. खांद्याइतकं अंतर, भार चवड्यांवर, टाचा किंचित उचललेल्या. मग हात. छातीच्या वरचा चेंडू आला की दोन्ही अंगठे जवळ, बोटं पसरलेली. खालचा आला की करंगळ्या जवळ आणि मागे गुडघा. मग झेप. आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं, म्हणजे पडण्याची भीती जाते. आणि शेवटी हाळी. रिकाम्या मैदानावर, समोर कुणी नसताना, पोटातून ओरडायचं.

[आवाज : "कीपर!" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोठ्यानं.]

आसपासच्या इमारतींतून तक्रार आली. आता हाळीचा सराव सातनंतर होतो.

[दृश्य : सामना. कठड्यावर बॅनर. मोबाइलचं फुटेज, गोलच्या मागून.]

हे ताईचं शूटिंग आहे, थोडं हलतंय. कॉर्नर, डावीकडून. नेमकी त्याच वेळी गाडी आली आहे. तो ओरडलाय, पण रेकॉर्डिंगमध्ये फक्त इंजिन ऐकू येतं. बचावपटूंकडे बघा. पाच नंबर बाजूला झाला. दोन नंबरही झाला. तो रेषा सोडून आलाय. चेंडू हातात बसला नाही, मुठीला लागला आणि पेनल्टी बॉक्सच्या बाहेर पडला.

सामना बरोबरीत सुटला.

[दृश्य : सामन्यानंतर. काका बॅनरची घडी घालतायत. वेलांटी शेवटी दुमडली जाते. गाडीचा आवाज लांब जातो.]