मेलेली कथा परत उठते तेव्हा

१८९३च्या डिसेंबरमध्ये आर्थर कॉनन डॉयलनी शेरलॉक होम्सला मारून टाकलं. रायखेनबाखचा धबधबा, वर अरुंद वाट, होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टी समोरासमोर, आणि नंतर तिथे कुणीच नाही. वाचक भडकले, डॉयलना पत्रांवर पत्रं आली, पण ते काही बधले नाहीत. मग १९०१ला 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' क्रमशः यायला लागली आणि तिच्यात होम्स होता, पण ती गोष्ट त्याच्या मरणाआधीची. आणि १९०३ला 'द एम्प्टी हाउस' या कथेत तो खराखुरा परत आला.

मी रहस्यकथा आणि भयकथा लिहिते, त्यामुळे हा परत येण्याचा प्रकार मी पुन्हा पुन्हा वाचलाय, आणि दरवेळी माझी नजर एकाच गोष्टीवर थांबते. १८९३च्या कथेत होम्सचं मरण, गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या मित्राने, वॉटसनने, डोळ्यांनी बघितलेलंच नाहीये. त्याला सापडते ती काठी, एक चिठ्ठी, आणि ओल्या मातीत कड्याकडे गेलेल्या पावलांच्या दोन रांगा. परत येणारं पाऊल एकही नाही. प्रेत मिळत नाही. दहा वर्षांनी डॉयलनी काय केलं, तर या पुराव्यातला एकही तुकडा हलवला नाही. पावलं तीच, चिठ्ठी तीच, फक्त आता कळतं की होम्स आल्या वाटेने परत न जाता वरचा कडा चढून गेला होता. म्हणजे वॉटसनने जे जे बघितलं ते सगळं खरं, त्यातून त्याने जो अर्थ काढला तेवढा चुकला.

डॉयलनी ही फट आधीपासून मुद्दाम ठेवली होती असं मी म्हणत नाहीये. पण फट होती, आणि त्यांना ती वापरता आली. जुन्या कथेला हात न लावता तिचा अर्थ फिरवायचा, हे मला कथा जिवंत करण्याचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर रूप वाटतं.

पण प्रत्येक कथेत अशी फट असेलच असं नाही, बऱ्याचदा कथा फोडावीच लागते.

रेमंड चँडलर. अमेरिकन डिटेक्टिव्ह कथेतलं फार मोठं नाव. त्यांची पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' १९३९ला आली आणि ती कोऱ्या पानावरून सुरू झालेली नव्हती. 'ब्लॅक मास्क' मासिकात त्यांच्या आधी छापून आलेल्या कथा होत्या, त्यातल्या मुख्यतः दोन त्यांनी उकलल्या, १९३५ची 'किलर इन द रेन' आणि १९३६ची 'द कर्टन'. या प्रकाराला ते स्वतःच्याच कथा खाणं म्हणायचे. शब्द जरा भयंकर आहे, पण काम बघा कसं केलंय. एका कथेत एक बाप आणि त्याची हाताबाहेर गेलेली मुलगी, दुसऱ्या कथेत दुसरा बाप, म्हातारा जनरल, आणि त्याची मुलगी. चँडलरनी दोन बापांचा एक बाप केला, मग दोन्ही मुली आपोआप बहिणी झाल्या. आणि 'द कर्टन'मध्ये जो गुन्हा एका लहान मुलाच्या हातून घडलेला आहे तो कादंबरीत धाकट्या बहिणीकडे गेला. त्यामुळे ज्या दोन माणसांचा मूळ कथांमध्ये एकमेकांशी काही संबंधच नव्हता ती आता एका घरात राहतात, एकमेकांना झाकतात, एकमेकांना घाबरतात, आणि कादंबरीचा जीव तिथेच आहे. कथेला कथा जोडून पानं वाढतात, पण इथे जोडणीतून नवीन नातं तयार झालं.

आणि जनरलचं ते ग्रीनहाउस, दमट, गरम, ऑर्किडनी भरलेलं, तो प्रसंग 'द कर्टन'मध्येही आहे. कादंबरीत तो ऐसपैस झालाय. मासिकात पुढच्या घटनेकडे धावायचं असतं, जागा कमी असते, कादंबरीत डिटेक्टिव्हला तिथे घाम गाळत बसता येतं आणि म्हातारा का विझत चाललाय ते आपल्याला हळूहळू जाणवतं.

शिवण मात्र कुठेतरी राहतेच. १९४६ला या कादंबरीवर चित्रपट आला, तो बनत असताना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सकडून चँडलरना तार गेली, की यातला शोफर मेलाय तो खून आहे की आत्महत्या? चँडलरनी नंतर पत्रात लिहिलंय की मलाही माहीत नव्हतं. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला त्याच्यात कामाची गोष्ट दिसते. वेगवेगळ्या कथांमधून उचललेले धागे एकत्र आले की प्रत्येक प्रेताचा हिशोब नव्याने मांडावा लागतो, कारण जुन्या कथेत जे उत्तर पुरेसं होतं ते नव्या रचनेत पुरेलच असं नाही. तरीही ती कादंबरी उभी राहिली, इतकी वर्षं वाचली जाते, म्हणजे वाचक कशासाठी थांबतो तेही त्यातून कळतं. तो त्या घरातल्या माणसांसाठी थांबतो, शोफरसाठी नाही.

आता एक सोपा मार्ग असतो, तारीख बदलायची. जुनी कथा घ्या, वर्ष पुढे सरकवा, लँडलाइनच्या जागी मोबाइल टाका, पत्राच्या जागी ईमेल, झालं. भयकथालेखक स्टीफन किंगची 'द स्टँड' ही कादंबरी १९७८ला आली, मग १९९०ला कापलेला मजकूर परत घालून मोठी आवृत्ती आली, आणि त्यात कथेचा काळही १९८०वरून १९९०वर नेला. परत घातलेल्या मजकुरासाठी मला ती आवृत्ती मनापासून आवडते. काळ सरकवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, कारण माणसं सत्तरच्या दशकातली आहेत, त्यांचं बोलणं, त्यांचा सरकारवरचा राग, सगळं तिथलं आहे, आणि वर्ष बदललं म्हणून ते बदलत नाही. काळ हा कथेच्या हाडात असतो.

हे नीट दाखवायचं तर माझीच एक कथा घेते. बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेली. तिच्यातली बाई मीरा. नवरा गेलाय, ती एकटी राहते, आणि रोज रात्री ठरावीक वेळेला फोन वाजतो. उचलला की पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता श्वास. शेवटी कळतं की तिची टेलिफोन लाइन कित्येक महिन्यांपासून तुटलेली आहे. त्या कथेचं पहिलं वाक्य असं होतं: "त्या भयाण रात्री फोनची कर्कश घंटा घणघणली आणि मीराच्या अंगावर सर्रकन काटा आला."

आज ही कथा वाचणारा माणूस दुसऱ्याच ओळीला विचारणार, नंबर दिसत नाही का? ब्लॉक का नाही करत? रेकॉर्ड कर ना! आणि तो बरोबरच आहे. मग लिहिणारे काय करतात, नेटवर्क घालवतात, बॅटरी संपवतात, पात्राला मुद्दाम जंगलात नेऊन ठेवतात. हे आता इतकं झालंय की बॅटरी संपली म्हटल्यावर वाचकाला भीतीऐवजी लेखकाची अडचण दिसते.

मी अशा वेळी जुना कागद बाजूला ठेवते आणि न बघता कथा आठवून लिहून काढते. जे आठवत नाही ते जाऊ दे, त्याचा शोक करायचा नाही. मीराच्या कथेतलं घणघणणं, काटा, भयाण रात्र, तुटलेली लाइन, यातलं काही आतून वर आलं नाही. आठवलं एवढंच, की फोन वाजायची वेळ झाली की ती बाई फोनच्या जवळ जाऊन बसते. कुणी सांगितलं नसताना. जुन्या कथेत हे मधेच कुठेतरी एका वाक्यात होतं, पुढे त्याचं काहीच झालेलं नव्हतं. आणि सगळी कथा तिथेच होती. मीराला तो फोन हवाय. ती घाबरलेली आहेच, पण तो वाजला नाही तर काय, याला ती जास्त घाबरते.

एकदा हे हातात आलं की मग टेक्नॉलॉजी शत्रू राहत नाही. नवीन कथेत फोन वाजतच नाही. नवऱ्याने पाठवलेला शेवटचा व्हॉइस मेसेज आहे, ४२ सेकंदांचा, घरी यायला उशीर होईल वगैरे, एकदम साधा. ती रोज रात्री झोपण्याआधी तो ऐकते. आणि एका रात्री तो ४६ सेकंदांचा असतो. जास्तीच्या चार सेकंदांत तो काही बोलत नाही, पण फोन ठेवतही नाही. नवीन सुरुवात अशी झाली: "मीराने हेडफोन लावले, डोळे मिटले आणि ४२व्या सेकंदाला तो थांबेल म्हणून वाट बघितली."

यात काटा नाही, घंटा नाही, भयाण हा शब्द तर नाहीच. आणि गंमत म्हणजे मोबाइलमुळे जी पंचाईत होती तीच आता उपयोगी पडायला लागली, कारण मेसेज फॉरवर्ड करता येतो. मीरा तो बहिणीला पाठवते. बहीण म्हणते, अगं ४२च सेकंद आहेत, मी दोनदा बघितलं. जुन्या कथेत मीरा एकटी होती म्हणून तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, इथे सगळा पुरावा हातात असून कुणाला दिसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे हळूहळू तिला तो कुणाला दिसू नये असंच वाटायला लागतं. ती बहिणीला सांगते की हो, माझाच घोळ झाला. हे खोटं बोलणं जुन्या कथेत शक्यच नव्हतं.

माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे. कथा परत लिहायला घेताना त्या माणसाला काय हवंय ते घट्ट धरायचं आणि बाकी सगळं, म्हणजे प्लॉट, काळ, शेवटचा धक्का, तुमचं लाडकं वाक्यसुद्धा, सोडायला तयार व्हायचं. आपण नेमकं उलटं करतो. धक्का जपतो, कारण त्याच्यासाठी शाबासकी मिळालेली असते, आणि माणूस बदलत बसतो.

काही वेळा नवीन ज्ञान कथेला उघडतं. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कनी 'अगेन्स्ट द फॉल ऑफ नाइट' तरुणपणी लिहिली, १९४८ला ती मासिकात आली, १९५३ला पुस्तक झालं. आणि लगेच १९५६ला तीच गोष्ट 'द सिटी अँड द स्टार्स' म्हणून त्यांनी जवळपास पूर्ण नव्याने लिहिली. अतिप्राचीन बंद शहर, आणि बाहेर काय आहे हे विचारणारा एक मुलगा अॅल्विन, दोन्हीकडे तोच. पण मधल्या काळात माहिती साठवण्याबद्दलचं विज्ञान पुढे गेलेलं, त्यामुळे नव्या कादंबरीत शहराची माणसंच मेमरी बँकमध्ये साठवलेली आहेत, ती पुन्हा पुन्हा बाहेर येतात, जगतात, परत साठवली जातात. आधीच्या कथेत अॅल्विन सात हजार वर्षांत जन्मलेलं पहिलं मूल होता, म्हणजे दुर्मिळ. नव्या कथेत त्याच्या मागे एकही जुना जन्म नाही, बाकी प्रत्येकाच्या मागे आहेत. मुलाला बाहेरच जायचंय, ते बदललं नाही, पण आता त्याच्या एकटेपणाला कारण मिळालं, आणि ते कारण विज्ञानातून आलं. विज्ञानकथेत अपडेट करणं म्हणजे हे, नुसती यंत्रांची नावं बदलणं नाही.

आणि धरून ठेवणं काय असतं ते डॅनियल कीजकडे बघा. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन', आधी १९५९ची कथा. चार्ली कमी बुद्धीचा माणूस, त्याची बुद्धी ऑपरेशनने वाढते आणि मग ओसरत जाते. एका संपादकाने शेवट बदला म्हणून सांगितलं होतं, चार्ली हुशारच राहू दे, त्याचं लग्न होऊ दे. कीजनी नकार दिला, कथा दुसरीकडे छापून आली आणि १९६०ला तिला ह्युगो हे विज्ञानकथांचं मोठं पारितोषिक मिळालं. १९६६ला त्यांनी तिची कादंबरी केली तेव्हा चार्लीचं बालपण आलं, आई आली, बहीण आली, कितीतरी वाढलं, पण त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेले रिपोर्ट आणि तो शेवट तसाच राहिला. रिपोर्टमधलं स्पेलिंग सुधारत जातं आणि पुन्हा बिघडायला लागतं, बस, दुसऱ्या कुठल्या रचनेत ही गोष्ट सांगताच आली नसती. वाढवायचं कुठे आणि हात कुठे लावायचा नाही हे त्यांना माहीत होतं.

राहता राहिला प्रश्न जुन्या कथेचं काय करायचं याचा. चँडलरनी ज्या कथा कादंबऱ्यांसाठी वापरल्या त्या स्वतः जिवंत असेपर्यंत पुन्हा पुस्तकात येऊ दिल्या नाहीत, १९५९ला ते गेले आणि १९६४ला त्या कथांचा संग्रह निघाला. क्लार्कच्या बाबतीत मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी चालू राहिली आणि जुनीच आवडणारे वाचक आजही भेटतात. मी क्लार्कच्या बाजूची आहे. जुनी मीरा ज्यांनी वाचली, ज्यांना त्या तुटलेल्या लाइनने खरंच झोप लागू दिली नव्हती, त्यांची ती कथा आहे, ती त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला काही अधिकार नाही. त्यामुळे नवीन संग्रहात दोन्ही मीरा जातील, दोन्हींखाली लिहिल्याचं साल असेल, आणि जुनी आधी असेल, एकही शब्द न बदलता, त्या घणघणत्या घंटेसकट.