चार रस आणि वॉशिंग्टनचं रक्त

काचेच्या भांड्यात ताजं रक्त काढून तासभर तसंच ठेवलं ना, की त्याचे थर दिसायला लागतात. तळाशी काळपट गुठळी, त्यावर लाल, मग एक पांढुरका पातळ थर आणि सगळ्यात वर पिवळसर पाणी. शरीरात चार रस आहेत हे ग्रीकांना इथूनच सुचलं असावं, असा तर्क फोरेअस नावाच्या एका स्वीडिश डॉक्टरने मांडलाय. तर्कच आहे, पण पटतो.

रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर जे ग्रंथ आहेत त्यांत हे येतं, आणि आपल्याला वात-पित्त-कफाची सवय असल्याने लगेच ओळखीचं वाटतं, फक्त यात वात नाही आणि रक्त स्वतःच एक रस. चारही समतोल असले की माणूस ठणठणीत, एखादा वाढला की आजारी, मग तो वाढलेला रस बाहेर काढा. जुलाब द्या, उलट्या करवा, नाहीतर सरळ हाताची शीर तोडून रक्त काढा.

याला शास्त्राचं रूप दिलं गेलनने. 129 साली पर्गमॉनचा जन्म, आधी ग्लॅडिएटरांचा डॉक्टर, पुढे रोममध्ये थेट सम्राटाचा. माणसाचं शव कापायची सोय नव्हती म्हणून याने माकडं, डुकरं कापली, आणि त्यावरून जे लिहिलं ते युरोपने हजार वर्षांहून जास्त काळ डोळे झाकून मानलं. मधल्या काळात हे सगळं अरबीत गेलं, इब्न सिना या पर्शियन वैद्याने नीट मांडलं, आणि आपल्याकडे युनानीत आजही हेच चार रस शिकवतात.

1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने दाखवलं की रक्त शरीरात गोल फिरतं, रोज लिव्हरमध्ये नवं तयार होऊन संपत नाही. म्हणजे गेलनचा पायाच उखडला. पण गंमत बघा, शीर तोडणं हार्वेनेही सोडलं नाही!

आता 14 डिसेंबर 1799, अमेरिकेतलं माउंट व्हर्नन, पहाटेची वेळ. तिथल्या घरी अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, वय 67, घसा इतका सुजलाय की श्वास घेता येत नाही. काकवी, व्हिनेगर आणि लोण्याचं मिश्रण दिलं तर घोट गिळता येईना, जीव गुदमरला. डॉक्टर यायच्या आधीच त्याने शेतावरच्या मुकादमाला, रॉलिन्सला, शीर तोडायला बोलावून घेतलं. रॉलिन्स घाबरलेला, तर हाच त्याला म्हणतो, घाबरू नकोस. बायको मार्था विनवतेय की जास्त काढू नका, आणि हा म्हणतो, अजून. सेक्रेटरी टोबियस लिअर शेजारीच होता, त्याने हे सगळं लिहून ठेवलंय.

मग तीन डॉक्टर आले, तिघेही नावाजलेले, आणि दिवसभरात एकूण चार वेळा मिळून साधारण 80 औंस रक्त काढलं, म्हणजे 2 लिटरहून जास्त! तिघांतला सगळ्यात तरुण, एलिशा डिक, म्हणाला आता रक्त नको, श्वासनलिकेला छेद देऊन बघू. त्याचं कोणी ऐकलं नाही. रात्री 10 नंतर वॉशिंग्टन गेला. घशाच्या त्या आजारात तो तसाही वाचला असता की नाही हे सांगणं कठीण, पण एवढं रक्त काढून मदत नक्कीच झाली नाही.

आणि हे थांबलं का? छे. 1833 मध्ये एकट्या फ्रान्सने जळवा मागवल्या 4 कोटींच्या वर. त्याच फ्रान्समध्ये, पॅरिसला, पिएर लुई नावाच्या डॉक्टरने एक साधी गोष्ट केली जी एवढ्या शतकांत फारशी कोणी केली नव्हती, त्याने पेशंट मोजले. न्यूमोनियाचे 77. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेले 41, त्यातले 18 मेले. नंतर काढलेले 36, त्यातले 9. आकडे छोटे आहेत आणि लुईनेही शीर तोडणं बंद करा असं म्हटलं नाही, पण रक्त काढून जादू होते हा दावा तिथे लटपटला.

लटपटला, पडला नाही. विल्यम ऑस्लर या नावाजलेल्या डॉक्टरच्या 1892 च्या टेक्स्टबुकात, जे तेव्हा मेडिकलची पोरं वाचायची, न्यूमोनियात वेळेवर रक्त काढलं तर जीव वाचू शकतो असं लिहिलेलं आहेच.