नाव ठेवताना, नावं ठेवताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेले आठ दिवस आमच्या घरात एका अक्षरावरून रण माजलंय. नात झाली. पूर्वाषाढा नक्षत्र, चौथं चरण. पत्रिका करणाऱ्या काकांनी कागदावर अक्षर लिहून दिलं, 'ढा'. सूनबाईंनी तो कागद वाचला, परत घडी घातली आणि उशीखाली सरकवला. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय. वर्गात 'ढ' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

तसं बघितलं तर 27 नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे 108 अक्षरं. त्यात आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' आलंय, हस्ताच्या वाट्याला 'ण'. आता 'ङ'वरून एखादं नाव सांगा बघू! तिथं जोशीबुवासुद्धा जवळचं अक्षर घेऊन वाट काढतात. मी हे सांगितल्यावर सूनबाई म्हणाल्या, "मग आपल्याला पण काढून द्या म्हणावं वाट."

एवढी ओढाताण कशासाठी, तर नावासारखा स्वभाव येतो, ही आपली समजूत. शांता शांत व्हावी, विजय जिंकावा. न जमलं की 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणायला माणसं टपलेलीच असतात. मराठी मोठी खट्याळ आहे बघा. मूल जन्मलं की आपण त्याचं नाव ठेवतो आणि मोठं झालं की त्याला नावं ठेवतो. मधे फरक फक्त एका अनुस्वाराचा.

माझ्या थोरल्या चुलत्यांचं नाव दगडू. आजीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं तरी टिकावं म्हणून तिनं बाळाला सुपात घालून शेजारणीला विकलं आणि पसाभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. नाव दगडू. दगडाला कोण उचलून नेणार? धोंडीबा, केरबा, भिकाजी ही नावंही अशाच घाबरलेल्या आयांनी ठेवलेली. नावातून स्वभाव घडावा, हा विचार त्यांच्या मनात नव्हता. नजर चुकावी आणि पोर जगावं, एवढंच मागणं.

शाळेत घालताना मास्तरांना 'दगडू' पसंत पडेना. त्यांनी रजिस्टरवर 'दत्तात्रय' लिहिलं आणि एका माणसाची दोन नावं झाली. पुढं काका गिरणीत मागावर लागले. तिथं ते दगडूच. जॉबरशी, म्हणजे तिथल्या मुकादमाशी, वाद झाला की सोबतची माणसं म्हणायची, "त्याला काय सांगतो बे, दगड हाय त्यो, हलतोय व्हय!" आणि काका खरंच हलायचे नाहीत. एकदा तर चूक आपलीच आहे हे कळूनही दोन दिवस अडून बसले. नंतर मला म्हणाले, "सगळी बघत होती गं. हललो असतो तर नाव गेलं असतं."

काकू बिचारी त्यांना 'अहो'पलीकडं कधी हाक मारायची नाही. उखाण्यात मात्र न चुकता 'दत्तात्रयराव'. गिरणी सुटल्यावर काका भजनी मंडळात जायला लागले. तिथले बुवा त्यांना दत्तोबा म्हणायचे. "दत्तोबा, जरा बेतानं घ्या," म्हटलं की हा माणूस टाळाचा आवाज लगेच खाली आणायचा. जॉबरनं हेच सांगितलं असतं तर टाळ फुटेपर्यंत वाजवला असता.

मला वाटतं, नाव नुसतं कागदावर असेपर्यंत काही करत नाही. हाक मारणारी तोंडं करतात. आफ्रिकेत घाना देशातल्या अशांती लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. सोमवारचा मुलगा क्वाद्वो, बुधवारचा क्वाकू. क्वाद्वो शांत आणि क्वाकू तापट, अशी तिथली समजूत. गुस्ताव जाहोदा या मानसशास्त्रज्ञानं कुमासी शहरातल्या बालगुन्हेगारांच्या नोंदी तपासल्या आणि 1954 साली निष्कर्ष छापले. मारहाणीच्या गुन्ह्यांत बुधवारची पोरं त्यांच्या वाट्याहून जास्त निघाली, सोमवारच्या पोरांची नावं एकूणच कमी. आता बुधवार काय पोराच्या हातात काठी देतो? पण लहानपणापासून 'हा क्वाकू, हा भांडणारच' हे ऐकलेलं पोर एक दिवस भांडतं. आमचे काका असेच अडून बसले होते.

अलीकडं, 2017 साली, इस्रायल आणि फ्रान्समध्ये आणखी एक गंमत करून बघितली. अनोळखी माणसाचा फोटो दाखवायचा, चार-पाच नावं द्यायची आणि यातलं याचं कुठलं ते ओळखा म्हणायचं. नुसत्या अंदाजानं जमावं त्याहून जास्त वेळा लोकांनी बरोबर ओळखलं. पण आपल्याच मुलखातल्या चेहऱ्यांचं. पुढं लहान मुलांचे फोटो दाखवले, तर जमलं नाही. म्हणजे नाव चेहऱ्यावर उमटायलासुद्धा वर्षं जावी लागतात.

आपल्या सोलापुरात नावावरून घर ओळखणं सोपं. सिद्धाराम, शिवशरणप्पा म्हटलं की घरात कानडी ऐकू येणार. नरसय्या म्हटलं की तेलुगू. चार वर्षांच्या पोराच्या नावातच 'अप्पा' बसलेले असतात आणि आई त्या अप्पाला चड्डी घालायला मागं पळत असते. पण घर ओळखलं म्हणजे माणूस ओळखला असं होत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार नावं, चार तऱ्हेची घरं. स्वातंत्र्यलढ्यात 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे हे चौघं फासावर गेले. यांच्या बारशाला कुठल्या जोशीबुवानं हे अक्षरावरून सांगितलं असतं?

तर आमचा 'ढ' अजून तसाच उशीखाली आहे. आत्या मुंबईहून रोज फोनवर दहा नावं पाठवते, सूनबाई नऊ खोडतात. बाळाला तूर्त सगळे चिमे म्हणतात. साधारण साडेचार महिन्यांचं झालं की बाळ स्वतःच्या नावाचा आवाज वेगळा ओळखतं, असं संशोधक सांगतात. तोवर हे चिमे प्रकरण असंच चाललं, तर आमचं काही खरं नाही. रविवारी बारसं आहे. कानात कुर्र करायला आत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतेय आणि घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालायचं काम माझ्याकडं आहे. येते मी. नमस्कार.