‘दादा, मी प्लसमध्येच आहे’

मंडळी, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि कायद्याचा अभ्यासकही नाही. एकतीस वर्षे मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे कर्ज विभागात काढली आणि लोकांची खाती वाचणे हेच माझे काम होते. असे असूनही माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचे खाते वाचायला मला सव्वा वर्ष उशीर झाला. त्याच्या आणि माझ्या भावजयीच्या संमतीने मी आज त्याविषयी बोलणार आहे, कारण या सभागृहातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरात हीच गोष्ट या घडीला चालू असेल अशी मला मनापासून भीती वाटते.

भाऊ पुण्यात एका कंपनीत अभियंता आहे. गणितात तो लहानपणापासून आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. 2020 च्या टाळेबंदीत ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो मोबाइलवर पोकर खेळू लागला. आधी नुसत्या खोट्या चिप्सवर आणि मग थोड्या पैशांवर. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे असतात. सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत वरचढ ठरतो, किंवा ज्याच्या बोलीला घाबरून बाकीचे पत्ते टाकून देतात, तो मधला सगळा पैसा उचलतो. घरात कुणी विचारले की भावाचे उत्तर ठरलेले असे : ‘दादा, मी प्लसमध्येच आहे.’

तो खोटे बोलतो आहे असे मी धरून चाललो आणि ही माझी पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक ठरली. खोटे बोलणारा माणूस खरे काय ते जाणतो आणि लपवतो. माझा भाऊ काही गोष्टी लपवत होताच, परंतु आपण एकूण फायद्यात आहोत यावर त्याचा प्रामाणिक विश्वास होता. हा विश्वास कसा तयार होतो, हे मला त्याच्या खात्याच्या उताऱ्यांवरून कळले.

त्या उताऱ्यांत पैसे बाहेर जाण्याच्या नोंदी अगदी बारीक होत्या. रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी 500 रुपये, 12 वाजून 20 मिनिटांनी 1,000, एक वाजायला आला असताना पुन्हा 1,000 आणि दोनच्या सुमारास 2,000. सगळे यूपीआयने गेलेले, आणि समोर खेळाच्या कंपनीचे नाव नसून मधल्या पेमेंट गेटवेचे, काही अर्थबोध न होणारे नाव. किराणा, रिक्षा, विजेचे बिल यांच्या गर्दीत या नोंदी डोळ्यांत भरत नाहीत. पैसे परत येत ते मात्र एकरकमी येत : 18,000, 32,500, एकदा तर 61,000. अशा दिवशी घरी मिठाई येई, पुतणीला सायकल येई, आणि त्या रकमेचा स्क्रीनशॉट कौटुंबिक ग्रुपवर पडे. बारीक बारीक गेलेले पैसे मनात नोंदले जात नाहीत आणि ठोक आलेला पैसा वर्षभर लक्षात राहतो. भावाच्या मनातल्या वहीत जमेची बाजू भरलेली होती आणि नावेची बाजू जवळजवळ कोरी होती. त्या वहीवरून तो हिशेब सांगत असे, आणि त्या वहीपुरते त्याचे उत्तर बरोबरच होते.

या विश्वासाला खेळाची रचनाही खतपाणी घालते. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मी नाकारत नाही. शक्याशक्यता मोजणारा, संयमाने पत्ते टाकून देणारा खेळाडू दीर्घ काळात आततायी खेळाडूपेक्षा सरस ठरतो. पण नेमक्या याच कारणाने आत्मवंचनेला इथे लॉटरीपेक्षा अधिक जागा मिळते. एक्क्यांची जोडी, म्हणजे सुरुवातीचे सर्वांत बलवान दोन पत्ते, हातात येण्याची शक्यता 221 डावांत एक. ती आली, समोरच्याकडे राजांची जोडी असली आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तरी एक्केवाला शंभरांतून साधारण 82 वेळाच जिंकतो. उरलेल्या 18 वेळा तो हरतो आणि त्यात कुणाची चूक नसते. भाऊ असे हरलेले डाव पत्त्यांसकट सांगायचा. इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का आणि शेवटच्या पत्त्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘रिव्हरला’, आलेला चौकटचा राजा. ‘बॅड बीट होती, दादा. माझा खेळ बरोबर होता.’ खेळ खरोखरच बरोबर असेल. पण हरलेला प्रत्येक डाव नशिबाच्या खाती आणि जिंकलेला प्रत्येक डाव कौशल्याच्या खाती अशी विभागणी एकदा झाली की पराभव हा पुरावा म्हणून उरतच नाही. सलग तीन महिने पैसे जात राहिले तरी त्याला ‘डाउनस्विंग’ हे नाव तयार असते, म्हणजे आज ना उद्या वर येणारा उतार.

शिवाय, कौशल्य असले तरी ते टेबलावरचा पैसा वाढवत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे फिरवते, आणि प्रत्येक फेरीत टेबल मांडणारा आपला वाटा काढून घेतो. त्याला ‘रेक’ म्हणतात. मी कर्जाचे हप्ते मांडतो तसा एक हिशेब मांडून पाहिला. समजा, सहा जण प्रत्येकी 2,000 रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर 12,000 आले. प्रत्येक डावात मध्ये सरासरी 300 रुपये जमतात असे धरले आणि त्यातले पाच टक्के, म्हणजे 15 रुपये, कंपनीने घेतले असे धरले. मोबाइलवर पत्ते पिसायला वेळ लागत नाही, म्हणून तासाला साठ डाव सहज होतात. तासाला 900 रुपये झाले. या गतीने तेरा तासांत 11,700 रुपये कंपनीकडे जातात आणि सहा जणांत मिळून 300 रुपये उरतात. प्रत्यक्षात टेबल रिकामे होत नाही, कारण खेळणारे मधून मधून खिशातून भर घालत राहतात. भावाला मी हा हिशेब दाखवला तेव्हा त्याला त्यात चूक सापडली नाही. तो इतकेच म्हणाला, ‘बाकीच्या पाच जणांचं हे खरं आहे.’

मग त्याने मला निरुत्तर करणारा एक कागद काढला, आणि हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण घरातली माणसे इथेच फसतात. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला. भावाच्या आयकराच्या विवरणात त्या कलमाखाली कापलेल्या कराची नोंद होती. ‘जिंकलो नसतो तर सरकारने कर कशाला कापला असता?’ असे त्याने विचारले आणि बँकेत हयात घालवलेला मी गप्प बसलो. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आले की हा कर प्रत्येक कंपनी आपल्यापुरता हिशेब करून कापते. त्या वर्षी तो एका अ‍ॅपवर खरोखरच थोडा जिंकला होता. उरलेल्या तीन अ‍ॅप्सवर तो बुडत होता आणि तिथल्या तोट्याची वजावट त्या करातून मिळत नाही. सरकारी छापाचा तो कागद खरा होता, पण त्यात दिसत होता तो चित्राचा फक्त चौथा भाग.

आम्ही घरच्यांनी काय केले, हेही सांगायला हवे. आम्ही कबुली मागितली. रविवारी सगळे जमलो, आईने त्याला आपल्या गळ्याची शपथ घ्यायला लावली, मी आवाज चढवला, भावजय रडली. त्याने शपथ घेतली आणि त्या दिवसापासून तो स्नानगृहात मोबाइल नेऊ लागला. पुढे कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सची वसुली सुरू झाली आणि त्याच्या ऑफिसातल्या लोकांना फोन जाऊ लागले, तेव्हा आईने कुणालाही न सांगता मुदत ठेव मोडली, पाटल्याही मोडल्या आणि 1,80,000 रुपये भरून टाकले. तीन आठवड्यांत खेळ पुन्हा सुरू झाला. मला त्या माउलीला दोष द्यायचा नाही, तिच्या जागी तुम्ही-आम्ही तेच केले असते. पण तिने ते कर्ज फेडले तेव्हा भावाच्या वहीतली नावेची ती एकमेव ठळक नोंदही पुसली गेली, आणि ‘बघ, देणं काहीच नाही’ असे तो भावजयीला खऱ्या मनाने सांगू शकला.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 2013 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराची जागा बदलून त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. त्यात नऊ लक्षणे दिली आहेत आणि वर्षभरात त्यांतली चार दिसली तर निदान होते. गेलेले भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणे, किती गुंतलो आहोत हे लपवणे आणि आर्थिक कोंडीतून सुटण्यासाठी दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणे ही तीन लक्षणे तिथे वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या घरातला सगळा पट त्या तीन ओळींत होता. ज्याला मी स्वभावदोष समजून फटकारत होतो, ते त्या आजाराचेच लक्षण होते. आपल्याकडे हे दुःख नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याचे आईबाप आणि भाऊ म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. मी तो भाऊ व्हायच्या बेतात होतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले तेव्हापासून चालत आलेला कौशल्य की नशीब हा वाद या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचे असेल तर दोन्ही वर्ज्य. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, आणि ते मला योग्य वाटते. मोठ्या देशी अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ त्याच आठवड्यात थांबवले. गणपतीत आमच्या घरी सगळ्यांना हायसे वाटले. मात्र आरती झाल्यावर भाऊ मला म्हणाला, ‘बंद झालं नसतं तर दिवाळीपर्यंत मी सगळं भरून काढणार होतो.’ हे वाक्य ऐकून मी फार अस्वस्थ झालो. आता त्याचा तोटा त्याचा राहिलाच नव्हता, तो सरकारने केलेला झाला होता. शिवाय परदेशी संकेतस्थळांचे दुवे मित्रांकडून येतच होते. दार बंद झाले, पण हिशेब झाला नव्हता, आणि हिशेब न झालेला माणूस दुसरे दार शोधतो.

तेव्हा मी कबुलीचा आग्रह सोडला. कबूल कर, शपथ घे, माफी माग, यांतले काहीही न म्हणता मी त्याला एवढेच विचारले की दर रविवारी सकाळी एक तास माझ्याशेजारी बसशील का. मी लाल कापडी पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही आणली. त्याने बँकेचा उतारा वाचायचा आणि मी लिहायचे असे ठरले. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, आणि शेरा कुणीच मारायचा नाही. पहिल्या रविवारी त्याचा आवाज खणखणीत होता. तिसऱ्या रविवारी, एका रात्रीतल्या सतरा नोंदी वाचताना, नवव्या नोंदीला तो थांबला, पाणी प्यायला आणि पुढच्या नोंदी त्याने माझ्याकडे न बघता वाचल्या. सहा रविवारांत चौदा महिने लिहून झाले. आलेले 2,86,000. गेलेले 9,41,500. वजाबाकी मी केली नाही, पेन त्याच्या हाती दिले. त्याने 6,55,500 हा आकडा लिहिला, वही मिटली आणि चहा न घेता निघून गेला.

बँकेतला माणूस म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो. घरच्या कुणीही नव्या कर्जाला जामीन राहू नये आणि जुने कर्ज परस्पर फेडू नये. फेडायचेच असेल तर त्याच्या पगारातून, त्याच्या समोर, वहीत लिहून फेडावे. घरखर्चाचे खाते वेगळे करावे. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करून घेता येते. बँका, कार्ड आणि कर्जाची अ‍ॅप्स मिळून किती देणे आहे हे बरेचसे पतमाहिती अहवालात दिसते आणि तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो त्याने स्वतः काढावा, आपण चोरून काढू नये. आणि त्याच्या तोंडी जगण्याला कंटाळल्याची भाषा आली तर हिशेब बाजूला ठेवून त्याच क्षणी त्याच्याजवळ बसावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथे घरच्यांनाही बोलता येते. आम्ही त्यावर बोललो, पुढे तज्ज्ञांकडे गेलो आणि तिथे जाणे अजून चालू आहे.

‘मी हरलो’ हे शब्द माझ्या भावाने आजवर उच्चारलेले नाहीत, आणि मी त्यांची वाट पाहणेही सोडले आहे. मधले दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी आठलाच दारात उभा होता. चपला काढता काढता म्हणाला, ‘दादा, जुलैतली एक एन्ट्री राहिली आहे. दुसऱ्या खात्यातली. साडेबारा हजार.’ त्या खात्याची आम्हाला कुणाला माहिती नव्हती. मी वही उघडली आणि त्याने खालचा आकडा खोडून 6,68,000 केला.